हंगामी ‘डेटा ॲनालिस्ट’ आणि मागाचा हिशोब

कारखान्यांत हल्ली दोन-चार महिन्यांच्या करारावर ‘डेटा ॲनालिस्ट’ नेमले जातात. आकडे गोळा करून त्यांचा अर्थ सांगणे हे त्यांचे काम. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांनाही असा माणूस उपयोगी पडेल आणि आपल्या शिकलेल्या मुलांना त्यात हलाल रोजीही मिळेल. म्हणून हे काम नीट समजून घेऊ.

प्रथम अपेक्षित उत्पादन काढावे. समजा, माग मिनिटाला १५० पिक टाकतो. १२ तासांत १,०८,००० पिक झाले. कापडात इंचाला ५० पिक असतील तर २,१६० इंच, म्हणजे सुमारे ५५ मीटर कापड निघाले पाहिजे. प्रत्यक्षात ४४ मीटर उतरले, तर कार्यक्षमता ८० टक्के.

उरलेले २० टक्के कुठे गेले? आपल्याकडे दोष लगेच विणकराच्या माथी मारला जातो. वास्तविक मजुरी मीटरवर असल्याने माग बंद पडला की नुकसान त्याचेही होते.

यावर एक सोपी रीत आहे. टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात इंग्लंडच्या कापड उद्योगात ती वापरली. वेळ न ठरवता शेडमध्ये फेरी मारायची आणि त्या क्षणी कोणता माग चालू, कोणता बंद व कशामुळे, एवढेच लिहायचे. समजा, २४ मागांच्या २० फेऱ्यांत ४८० नोंदी झाल्या व त्यांत माग ९६ वेळा बंद दिसला. पैकी ताणा तुटून ४०, बीमची वाट पाहत २८, कांडी बदलताना १६ आणि बिघाडामुळे १२. बीम वेळेवर आणणे मालकाचे काम. ताणा वारंवार तुटत असेल तर आधी सूत व सायझिंग तपासावे. मग दोष एकट्या विणकराचा कसा?

माणूस नेमताना मुदत, पगार आणि काम कागदावर लिहावे. मुदतीचा देणे-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवा व लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तोच धडा आपण येथेही घ्यावा. मालकाला खूश करण्यासाठी आकडा फिरवणे ही खियानत आहे. कारखान्याचे भाव व गिऱ्हाईक ही अमानत आहे, ती दुसऱ्या शेडमध्ये नेऊ नये.

हंगामी माणूस जाणारच. जाताना त्याने नोंदवही आणि ती लिहिण्याची रीत मुकादमाला शिकवून जावे. मालकांनीही मुदत संपताच त्याचा पगार चुकता करावा. नोंद खरी असेल तर मालक आणि मजूर दोघांच्याही रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.