दादींची हिमरू शाल

थंडी सुरू झाली. सलमाने पेटीतून दादींची जुनी हिमरू शाल काढली.

"दादी, ही फॅशन पुन्हा आली आहे!"

दादी हसल्या. "बेटी, हिमरू हे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे कापड. किनखापात सोन्या-चांदीची जर असते, म्हणून ते महाग. हिमरूत सूत आणि रेशीम असते. ते किनखापासारखेच दिसते, म्हणून 'हमरू', असे म्हणतात."

"मग बाजारात काही शाली इतक्या स्वस्त कशा?"

"त्या यंत्रमागावरच्या. हातमागावर फार वेळ लागतो. बेटी, फॅशन परत येते; पण माग सोडून गेलेला विणकर सहसा परत येत नाही."

सलमाने शाल जपून अंगावर घेतली.

शब्दार्थ : माग – करघा, विणकर – बुनकर, सूत – कापसाचा धागा.

प्रश्न : दादींना कशाची काळजी वाटते?