खांब बाबा आणि यवन दूत



मागच्या हिवाळ्यात आठवीच्या तासाला मी विदिशाजवळच्या हेलिओडोरस स्तंभाविषयी सांगत होतो. एका विद्यार्थिनीने हात वर केला आणि विचारले, "सर, यवन तर आपले शत्रू होते ना? मग यवनाने विष्णूचा खांब कशाला उभारला?" वर्गात हशा पिकला. खरे सांगायचे तर मलाही नीट उत्तर देता आले नाही. "पुढच्या तासाला पाहू" असे म्हणून मी वेळ मारून नेली. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. परीक्षेसाठी मी 'बेसनगर, हेलिओडोरस, गरुडध्वज' हे तीन शब्द पाठ केले होते, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या मुलीचे उत्तर माझ्याकडून देणे राहिले आहे, ते आज देतो.

'यवन' म्हणजे कोण?

ग्रीकांच्या एका प्रदेशाचे नाव आयोनिया. त्यावरून इराणी लोक ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. आपल्याकडे प्राकृतात 'योन' आणि संस्कृतात 'यवन' झाले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही योन येतात. पुढे हाच शब्द पश्चिमेकडून येणाऱ्या इतर लोकांसाठी वापरला गेला आणि मध्ययुगात, मराठी बखरींमध्ये, तो मुसलमान राज्यकर्त्यांसाठी आला. म्हणजे शब्द तोच राहिला, माणसे बदलली. बखरीतला अर्थ दीड-पावणेदोन हजार वर्षे मागे नेऊन लावला की गोंधळ होतो. वर्गात नेमके तेच झाले.

युद्ध आणि दूत

तरीही त्या मुलीचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. सिकंदर ख्रिस्तपूर्व 326 मध्ये पंजाबात आला आणि परत गेला. पुढे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियाचे ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून आले. यवनांनी साकेत आणि माध्यमिका या नगरांना वेढा घातल्याचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात आहे. युद्धे झाली होतीच.

पण शेजारी राज्ये नेहमीच लढत नसतात. त्याच शतकाच्या अखेरीस तक्षशिलेचा ग्रीक राजा अंतलिकित याने विदिशाच्या काशीपुत्र भागभद्र राजाकडे आपला दूत पाठवला. तो दूत म्हणजे दियोनचा मुलगा हेलिओडोरस. त्याने येथे देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःला 'भागवत' म्हणवून घेतले. हा लेख भागभद्राच्या राज्याच्या चौदाव्या वर्षातला आहे. लिपी ब्राह्मी आहे, म्हणजे आपल्या देवनागरीची पूर्वज, आणि भाषा प्राकृत.

स्तंभावर दुसराही छोटा लेख आहे. दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पावले नीट टाकली तर स्वर्ग मिळतो, असा त्याचा आशय आहे. दम म्हणजे मनावर ताबा, अप्रमाद म्हणजे सावधपणा. महाभारतातही हा विचार येतो.

यावरून सगळे ग्रीक वैष्णव झाले, असे मात्र समजू नये. खुद्द अंतलिकिताच्या नाण्यांवर ग्रीक देव झ्यूस आहे. लेख एका माणसाबद्दल सांगतो, आपण तेवढेच घ्यावे.

शेंदराखालची अक्षरे

आता या पाठातला मला सर्वात आवडणारा भाग. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम 1877 मध्ये येथे आला, तेव्हा गावकरी या स्तंभाला 'खांब बाबा' म्हणून पूजत होते. शेंदराचे इतके जाड थर होते की लेख दिसलाच नाही. केवळ आकारावरून त्याने स्तंभ गुप्तकाळातला ठरवला आणि त्याचा अंदाज कित्येक शतकांनी चुकला. 1909 मध्ये ग्वाल्हेर संस्थानचे अभियंता लेक यांना शेंदराखाली अक्षरे असल्याचा संशय आला. शेंदूर काढला आणि हेलिओडोरस बोलू लागला.

पुढे 1913 ते 1915 या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी येथे उत्खनन केले. सर रामकृष्ण भांडारकरांचे हे चिरंजीव. 1963 ते 1965 मध्ये पुन्हा खोदकाम झाले, तेव्हा स्तंभाहूनही जुन्या मंदिराचा लंबवर्तुळाकार पाया उघडा झाला. म्हणजे हेलिओडोरस येण्याआधीच येथे देवस्थान होते.

कोणी म्हणेल, अडाणी लोकांनी शेंदूर फासून इतिहास झाकला. मी तसे म्हणणार नाही. मूळ देवाचे नाव विसरले, मंदिर गेले, वरचा गरुडही गेला, तरी लोकांनी ही जागा सोडली नाही. श्रद्धेने स्तंभाची जागा जागती ठेवली आणि अभ्यासाने त्याचे नाव परत मिळवले. मुलांनो, तुम्हांला दोन्ही हवे. देवळात हात जोडा, पण भिंतीवर अक्षरे दिसली तर वाचायचा प्रयत्नही करा.

आपल्या गावात काय पाहाल?

विदिशा लांब वाटत असेल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालचा गुजरी महाल पाहा. तेथील संग्रहालय मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्या काळात उभे राहिले. बेसनगरहून आणलेले ताडाच्या पानांचे आणि मकराचे स्तंभशीर्ष तेथे आहे. ताड ही बलरामाची खूण, तर मकर प्रद्युम्नाची. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहन राणीच्या लेखातही संकर्षण आणि वासुदेव यांची नावे जोडीने येतात. संकर्षण म्हणजेच बलराम. बेतवेच्या काठचे देव सह्याद्रीच्या घाटातही होते.

विश्वस्त मंडळींना विनंती की यंदाची एक सहल गुजरी महालाला न्यावी. पालकांनीही सोबत यावे.

स्वाध्याय

1. 'यवन' शब्दाचा अर्थ कसा बदलला, ते आपल्या शब्दांत लिहा.
2. कनिंगहॅमचा अंदाज का चुकला?
3. आपल्या घराजवळच्या एखाद्या जुन्या देवळाची कथा आजीआजोबांना विचारा. त्यातले काय लिहिलेले सापडते आणि काय फक्त ऐकलेले आहे, याच्या दोन याद्या करा.

ज्या मुलीने प्रश्न विचारला, ती आता नववीत आहे. बेटा, उत्तराला उशीर झाला. पुढचा प्रश्न तयार ठेव.

— प्राचार्य