शिवाराचा कारभारी कोण?

प्रश्न : आमचं गाव कुंडल. खाली उसाचं रान, मागे डोंगर आणि जवळच सागरेश्वर अभयारण्य. हरणं पिकात शिरली की वनखातं, ओढा तुंबला की ग्रामपंचायत, बंधारा गळला की जिल्हा परिषद, कालव्याच्या पाण्यासाठी पाटबंधारे खातं आणि गायरानासाठी तहसील. रान एकच, दारं मात्र पाच. मग जमीन, पाणी आणि वन्यप्राणी यांच्या बाबतीत गावाच्या स्वतःच्या हातात नेमकं काय असतं?

– एक शेतकरी वाचक, कुंडल (ता. पलूस, जि. सांगली)

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर जमीन आणि पाणी यांच्या लहान कामांचा बराचसा कारभार गावाकडे आणि जिल्हा परिषदेकडे आहे. मोठ्या पाण्याचा कारभार राज्याच्या खात्याकडे आहे. वन्यप्राण्यांचा जवळजवळ सगळा अधिकार वनखात्याकडे आहे. मात्र या तिन्हींबद्दल ठराव करण्याचा, नोंद ठेवण्याचा आणि आपलं म्हणणं लेखी मांडण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे, आणि तो फार कमी वापरला जातो. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

हे अधिकार आले कुठून?

तुमच्या गावाला याचं उत्तर दूर शोधायला नको. कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आपल्या संस्थानाला राज्यघटना देऊन कारभार लोकांच्या हाती सोपवला. त्या घटनेची बैठक महात्मा गांधींच्या सल्ल्याने ठरली होती. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. गावाने निवडलेली पंचायत हा त्या घटनेचा पाया होता. चारच वर्षांनी, 1943 पासून, याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि कुंडलचे क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड त्याच्या तुफान सेनेचे सेनापती झाले. गावचे तंटे गावातच मिटवण्याची सवय त्या काळात इथल्या लोकांनी अंगी बाणवली.

स्वातंत्र्यानंतर 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आला आणि 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे सागरेश्वरच्या पायथ्याजवळच्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले. पुढे 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि राज्यघटनेला अकरावी अनुसूची जोडली गेली. पंचायतींकडे देता येतील असे 29 विषय तिच्यात आहेत. पहिला विषय शेती. दुसऱ्यात जमीन सुधारणा आणि मृदसंधारण येतं, तिसऱ्यात लघुसिंचन, पाणी व्यवस्थापन आणि पाणलोट विकास. चौथा पशुसंवर्धनाचा आणि सहावा सामाजिक वनीकरणाचा.

या यादीत वन्यप्राणी नाहीत, हे लक्षात ठेवा. वने आणि वन्यप्राण्यांचं रक्षण हे विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक सूचीत गेले. तुमच्या पाच दारांपैकी एक दार गावापासून इतकं लांब का वाटतं, याचं कारण हेच.

जमिनीच्या बाबतीत गाव काय करू शकतं?

दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली गायरानाची. गायरान सरकारी जमिनीत मोडतं, पण ते गावाच्या गुरांसाठी राखलेलं असतं आणि त्याची राखण ग्रामपंचायतीने करायची असते. सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीला दिला आहे. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याबद्दल सर्व राज्यांना बजावलं. त्यानंतर त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरानं इतर कामांसाठी देण्यावर कडक बंधनं घातली. गायरान मोकळं राहिलं तर गुरांना चारा मिळतो, शिवाय ससा, खोकड, तित्तिर यांनाही थारा राहतो. गवताळ रान संपलं की त्यावर जगणारे प्राणी उभ्या पिकात येतात.

दुसरी गोष्ट चोपण जमिनीची. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाटाने पाणी देऊन रानं पाणथळ झाली आणि त्यांवर मीठ फुटलं. काळ्या भारी जमिनीतून पाणी लवकर निचरत नाही. भूजल वर चढतं, उन्हाने वरचं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. यावर जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करणं हा खात्रीचा उपाय आहे. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र करून हे काम करून दाखवलं आहे. पण तुमच्या रानातलं खारं पाणी बाहेर पडायला शेजाऱ्याच्या बांधातून वाट लागते आणि पुढे ओढा मोकळा लागतो. ओढा बुजवून कोणी ऊस लावला असेल तर वरची दहा रानं खराब होतात. म्हणून हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं काम नाही. ओढ्याची हद्द मोजून घेणं, तो साफ ठेवणं आणि निचऱ्याची सामाईक चारी आराखड्यात घालणं ही कामं ग्रामपंचायतीनेच पुढे न्यावी लागतात.

आणि पाणी?

पाण्याची वाटणी अशी आहे. 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं, म्हणजे पाझर तलाव, गावतळी, कोल्हापूर पद्धतीचे लहान बंधारे, जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे असतात. त्यापुढची कामं राज्याच्या मृद व जलसंधारण आणि जलसंपदा खात्यांकडे जातात. ताकारीसारखी उपसा योजना कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे आहे. तिथे ग्रामपंचायतीला हुकूम चालवता येत नाही. पण 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना कालव्याचं पाणी मोजून घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे कालव्याबाबत संस्था आणि ओढ्या-तळ्याबाबत पंचायत, असे दोन हात गावाकडे आहेत.

पैशाचंही बघा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासून पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम बंधित ठेवली. त्यातला निम्मा भाग पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर निम्मा स्वच्छतेसाठी. विहिरीजवळचा पुनर्भरणाचा खड्डा किंवा शाळेच्या छताचं पाणी साठवणारी टाकी या पैशातून होऊ शकते. पण त्यासाठी ते काम गावच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेलं असावं लागतं.

तुमच्या मुलखातलं एक उदाहरण तर साऱ्या महाराष्ट्राने वाचावं असं आहे. येरळा नदी खटाव तालुक्यात उगम पावते, वडूजवरून खानापूर आणि तासगावच्या बाजूने वाहत येते आणि पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. दुष्काळी भागातल्या या नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की नदीच्या पोटातलं पाणीही जातं आणि काठच्या विहिरी आटतात. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडी इथल्या लोकांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या बरोबरीने प्रश्न उभा केला : आमच्या नदीची वाळू विकली जाते, तर तिचा पैसा आमच्या पाण्याला का लागू नये? त्यांनी वाळूविक्रीतून पैसा उभा केला, जोडीला श्रमदान केलं आणि बळीराजा धरण बांधलं. या कामात डॉ. भारत पाटणकर यांचं नेतृत्व होतं आणि अभियंते के. आर. दाते यांचं मार्गदर्शन. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर ठरवायचा नाही, सर्व कुटुंबांचा त्यावर समान हक्क मानायचा, हे तिथलं तत्त्व. अशी वाटणी वरून आलेल्या आदेशाने झाली नसती. ती दोन गावांनी एकत्र बसून ठरवली.

हरणांचं काय?

सागरेश्वरची गोष्ट वेगळीच आहे. 1970 च्या दशकात हा डोंगर उजाड होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे झाडं वाढवली. पुढे सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले आणि 1985 साली 10.87 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. माणसांनी कष्टाने उभं केलेलं असं अभयारण्य विरळाच. पण जंगल लहान, शिकारी प्राणी कमी आणि चहूबाजूंनी बागायत, म्हणून उन्हाळ्यात कळप कुंपणाबाहेर येतात आणि कोवळ्या पिकावर पडतात.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याला मारणं सोडाच, पकडणंही परवानगीशिवाय गुन्हा आहे. पिकाची भरपाई वनखातं देतं. नुकसान दिसताच त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, अर्जाची पोच घ्या आणि पंचनामा होईपर्यंत ते रान नांगरू नका. सातबारावर पिकाची नोंद नसेल तर दावा अडकतो, म्हणून ई-पीक पाहणी वेळेत करा.

याच कायद्यात गावाच्या उपयोगाच्या दोन तरतुदी आहेत. कलम 33-ब सांगतं की अभयारण्याला सल्लागार समिती असावी. तिच्यात स्थानिक आमदार असतात आणि पंचायतराज संस्थांचे तीन प्रतिनिधीही असतात. कुंपण कुठे तुटलं आहे, पाणवठे जंगलाच्या आत वाढवायला हवेत का, कोणत्या बाजूचं रान जास्त खाल्लं जातं, हे बोलण्याची ही कायदेशीर जागा. कलम 33-अ म्हणतं की अभयारण्यातल्या आणि त्याच्या भोवतालच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांना साथीच्या रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था व्हावी. गावातले पशुवैद्यकीय दवाखाने जिल्हा परिषदेकडे असतात. म्हणजे तुमच्या गोठ्यातली गाय निरोगी राहणं आणि डोंगरावरचं चितळ निरोगी राहणं, दोन्ही एकाच कामात येतं.

इतर राज्यांत काय चालतं, हेही पाहण्यासारखं आहे. केरळने 2022 साली शेतीची नासधूस करणाऱ्या रानडुकरांबाबत परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. तो निर्णय सगळीकडे जसाच्या तसा योग्य ठरेल असं मला वाटत नाही. गावच्या दाराशी निर्णय यावा हे बरोबर. पण त्याआधी कोणता प्राणी किती आहे, कधी येतो, काय खातो, याची गावाकडे नोंद हवी. नोंद नसताना मिळालेली बंदूक शेवटी हरणालाही आणि शेतकऱ्यालाही महागात पडते.

मग सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर एकच आहे : ग्रामसभेच्या इतिवृत्तापासून. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि लोकजैवविविधता नोंदवहीही हवी. तुमच्या गावची ही वही मागून पाहा. तिच्यात फक्त झाडांची नावं असतील तर ती अपुरी आहे. कोणत्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी होतं, कोणत्या रानावर मीठ फुटलं, हरणांचा कळप कोणत्या महिन्यात कुठून उतरतो, कोणत्या विहिरीची पातळी किती खाली गेली, हे सगळं तिच्यात यायला हवं. म्हातारी माणसं, गुराखी, धनगर यांना यातलं बरंच तोंडपाठ असतं. ते फक्त कागदावर आणायचं आहे.

ग्रामसभेच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. कुंडलसारख्या मोठ्या गावात शंभर माणसं जमवणं अवघड नाही. त्या सभेत ओढ्याच्या मोजणीचा, सल्लागार समितीवर गावच्या प्रतिनिधीचा आणि गुरांच्या लसीकरणाचा ठराव करा. ठरावाची प्रत पाचही दारांवर द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. तोंडी तक्रार त्या दिवसापुरती राहते. ठराव दप्तरात नोंदला गेला की पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं ते विचारता येतं.

राज्याच्या वनाधिकाऱ्यांना घडवणारी वन अकादमी तुमच्याच कुंडलमध्ये आहे. तिथे शिकणाऱ्यांनी गावाच्या नोंदवहीतून शिवार वाचावं आणि गावाने त्यांच्याकडून कायदा समजून घ्यावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. तुम्ही विचारलंत की शिवाराचा कारभारी कोण. 1939 साली औंधच्या घटनेने त्याचं उत्तर दिलं होतं : गाव. येत्या ग्रामसभेला वही आणि पेन घेऊन जा, आणि घरातल्या बायकांनाही सोबत न्या.