एका निरोपगीताची कहाणी



विरहाची गाणी आपल्याकडे नवी नाहीत. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्यांपासून रेडिओवरील भावगीतांपर्यंत आपले कान त्याच सुरांत वाढलेले आहेत. तरीही स्नेहसंमेलनाच्या तालमीत एका विद्यार्थिनीने एक इंग्रजी विरहगीत म्हणण्याची परवानगी मागितली, तेव्हा आम्हां शिक्षकांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, ह्यात आरडाओरडीपलीकडे आहे तरी काय? दुसऱ्या तटाला गाणे आवडत होते. पण का आवडते, ते सांगता येत नव्हते. वाद मिटावा म्हणून आम्ही त्या गाण्याचा मागोवा घेतला, आणि जे हाती लागले ते वार्षिकासाठी लिहून काढल्यावाचून राहवेना.

गाण्याचे नाव ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’. बहुतेकांना ते १९९२ सालच्या ‘द बॉडीगार्ड’ ह्या चित्रपटातील, व्हिटनी ह्यूस्टन यांनी गायिलेले म्हणून ठाऊक असते. परंतु ते रचले गेले त्यापूर्वी १९ वर्षे, म्हणजे १९७३ साली. आणि रचणारी स्त्री निराळीच होती.

डॉली पार्टन यांचा जन्म १९४६ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात झाला. बारा भावंडांतील त्या चौथ्या. घर एका खोलीचे, वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९६४ साली शाळेची शेवटची परीक्षा उरकली आणि दुसऱ्याच दिवशी ही मुलगी गाण्यात नशीब काढण्यासाठी नॅशव्हिल शहरी निघाली. तीन वर्षांनी पोर्टर वॅगनर ह्या प्रसिद्ध गायकाने आपल्या दूरदर्शनवरील कार्यक्रमात तिला घेतले. वॅगनर वयाने, अनुभवाने आणि कीर्तीने मोठे होते. दोघांची द्वंद्वगीते गाजली, डॉलींचे नाव घरोघर झाले. पाच वर्षे राहण्याच्या बोलीने त्या आल्या होत्या, राहिल्या सात वर्षे.

पुढे जे व्हायचे तेच झाले. शिष्येला स्वतःची वाट हवी होती. गुरूला ती जाऊ नये असे वाटत होते. आपल्या रंगभूमीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना बालगंधर्वांनी १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडली तो प्रसंग आठवेल. अशा वेळी दोन्ही बाजूंचे शब्द जिव्हारी लागतात, आणि पुष्कळदा बोलणेच खुंटते. डॉलींनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, वॅगनर काही ऐकूनच घेत नव्हते. तेव्हा त्या घरी गेल्या, सांगावयाचे होते ते गाण्यात लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसून म्हणून दाखविले. वॅगनर यांच्या डोळ्यांत पाणी आले. हे तुझे सर्वांत चांगले गाणे आहे, आणि त्याची ध्वनिमुद्रिका मला करू देणार असशील तर तू जा, अशा आशयाचे ते बोलले.

म्हणजे ज्याला सारे जग प्रियकराचा निरोप समजते, तो मुळात धंद्यातील एका गुरूचा निरोप होता! हे कळल्यावर गाण्याच्या शब्दांकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहिले. कडवी तीनच, आणि ध्रुवपद म्हणजे गाण्याचे नावच पुन्हा पुन्हा. कोठे दोषारोप नाही, कोठे विनवणी नाही. आपण थांबलो तर दुसऱ्याला अडथळाच होऊ, म्हणून जाणे बरे, असा पहिला भाव. आणि शेवटच्या कडव्यात मागे राहणाऱ्यासाठी सुखाची इच्छा. १३ जून १९७३ रोजी नॅशव्हिल येथे झालेल्या ध्वनिमुद्रणात हे शेवटचे कडवे डॉलींनी गायिलेच नाही, ते नुसते बोलल्या. आम्हांला विचाराल तर साऱ्या गाण्यातील हीच जागा सर्वांत उत्तम. दाटून आलेल्या गळ्याने माणूस गातो थोडेच?

१९७४ च्या जूनमध्ये हे गीत अमेरिकेच्या ‘कंट्री’ संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

आता एक व्यवहाराची गोष्ट. ती रूक्ष वाटेल, तथापि विद्यार्थ्यांनी ती अवश्य समजून घ्यावी. गाण्याची मालकी दोन प्रकारची असते. एक त्या त्या ध्वनिमुद्रिकेची, दुसरी मूळ रचनेची. रचनेचा हक्क ज्याच्याकडे, त्याला गाणे कोणीही, कधीही गायिले तरी मोबदला मिळतो. गाणे गाजल्यावर एल्विस प्रेस्ली यांना ते गाण्याची इच्छा झाली. त्या काळी एल्विस यांनी आपले गाणे गावे ह्याहून मोठा मान कोणता? ध्वनिमुद्रणाची तयारी झाली. इतक्यात त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी कळविले की, रचनेचा अर्धा हक्क द्यावा लागेल, आमची रीतच तशी आहे. डॉलींनी नकार दिला. त्या रात्री त्या रडत होत्या, असे त्यांनीच सांगितले आहे. ओळखीची माणसे म्हणत, वेडी आहेस. एल्विस १९७७ साली वारले. त्यांच्या आवाजात हे गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही ते नाहीच.

वॅगनर यांच्याशी असलेला संबंधही गाण्याइतका गोड राहिला नाही. १९७९ साली त्यांनी डॉलींवर दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, आणि कालांतराने दोघांत पुन्हा स्नेह जुळला. वॅगनर २००७ साली निवर्तले. मध्यंतरी १९८२ साली डॉलींनी एका चित्रपटासाठी तेच गीत पुन्हा गायिले, आणि ते त्याच यादीत पुन्हा पहिले आले.

‘द बॉडीगार्ड’साठी प्रथम दुसरेच गाणे ठरले होते, पण ते नुकतेच एका चित्रपटात येऊन गेले होते. तेव्हा नायक केव्हिन कॉस्टनर यांनी लिंडा रॉनस्टॅट यांच्या १९७५ च्या मुद्रिकेवरून हे गाणे सुचविले. त्या मुद्रिकेत शेवटचे कडवेच नव्हते. डॉलींनी संगीतकार डेव्हिड फॉस्टर यांना ते कळविले, म्हणून ते पुन्हा गाण्यात आले. आरंभी वाद्ये मुळीच नसावीत, हा आग्रहही कॉस्टनर यांचाच. रेडिओवर असे गाणे कोण लावील, ही शंका ध्वनिमुद्रिकेच्या व्यवसायातील माणसांना वाटे.

ह्यूस्टन यांच्या गायनाची रचना आपल्या संगीताच्या परिभाषेत सांगता येते. पाऊण मिनिटाच्या सुमारास एकटा गळा, ठेका नाही, साथ नाही. आपल्याकडे तबला बसण्यापूर्वी आलापी चालावी तसे. मग हळूहळू वाद्ये मिसळतात. शेवटच्या ध्रुवपदापूर्वी सारे क्षणभर स्तब्ध, ढोलाचा एकच आघात, आणि गाणे पूर्ण एका स्वराने वर! पेटीच्या भाषेत पांढरी सहा सोडून पांढरी सात. ज्याला आमचे काही सहकारी आरडाओरड म्हणत, ती हीच जागा. मागे ती शांतता नसती तर त्यांचे म्हणणे खरे ठरले असते.

ही मुद्रिका अमेरिकेत १४ आठवडे आणि ब्रिटनमध्ये १० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. जगभर २ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. काही समीक्षकांनी नाके मुरडली, मूळ साधेपणा हरवला म्हणाले. इराकमध्ये २००२ साली सद्दाम हुसेन यांच्या सार्वमताच्या प्रचारात त्याचे अरबी रूप वाजले. सर्वांत गमतीची गोष्ट ही की, लोक हे गाणे लग्नात लावतात. वधूवर हात धरून ज्यावर नाचतात ते गाणे ताटातुटीचे आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते!

स्वतः डॉलींनी हा नवा अवतार प्रथम ऐकला तो मोटार चालवीत असताना, रेडिओवर. गाणे आपलेच आहे हे ध्यानात येताच त्यांना गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली. रचनेचा हक्क अखंड असल्यामुळे मोबदलाही त्यांचाच होता. त्यातून नॅशव्हिलमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी एक इमारत घेतली, आणि व्हिटनींनी बांधलेले घर असे त्या तिला म्हणतात.

ह्यूस्टन ११ फेब्रुवारी २०१२ रोजी वारल्या. आठवड्याने नेवार्क येथील चर्चमधून त्यांची शवपेटी बाहेर नेत असताना हेच ध्वनिमुद्रण लावले होते.

आमच्या स्नेहसंमेलनात त्या विद्यार्थिनीने अखेर डॉलींची साधी चाल निवडली. तिसरे कडवे तिने नुसते बोलून दाखविले. पेटीवर साथीला एकच सूर धरलेला होता, आणि विरोधी तटाचे आमचे सहकारी पहिल्या रांगेत बसून, मुलांनी टाळ्या वाजवू नयेत म्हणून हात वर करून होते.