जुनी मोठी मोटार : किंमत उतरते, दुरुस्ती उतरत नाही



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात बेत सुरू होतात. कुणाला विहीर खोल करायची असते, कुणाला ठिबक करायचे असते. अलीकडे आणखी एक बेत ऐकू येतो, "पुण्यामुंबईची एखादी जुनी मर्सिडीज बघावी. नव्या साध्या गाडीच्या पैशात मोठी गाडी येते." बेत वाईट नाही. परंतु अशी गाडी घेण्यापूर्वी तिच्या दुरुस्तीचा हिशेब माहीत असावा, म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी आपण मर्सिडीजची ई-क्लास घेऊ. ही गाडी आपल्याला परकी नाही. १९९५ साली पिंपरीला तिची जुळणी सुरू झाली आणि २००९ पासून चाकणला होते. जुन्या बाजारात तिचे दोन प्रकार दिसतात. २००२ ते २००९ पर्यंतची 'डब्ल्यू २११' आणि २००९ ते २०१६ पर्यंतची 'डब्ल्यू २१२'. यांतल्या २११ ला आता पंधरा वर्षे उलटून गेली आहेत, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही हे आधी पाहावे.

मूळ मुद्दा

२०१३ च्या सुमारास पंचेचाळीस लाखांच्या आसपास घेतलेली गाडी आज आठ-दहा लाखांत मिळते. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांची उतरलेली नाही. भाग पंचेचाळीस लाखांच्या गाडीचाच राहतो आणि त्याच भावाने मिळतो. हत्ती स्वस्तात मिळाला तरी तो बैलाइतके खात नाही. एवढे एक ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

नेहमीचे बिघाड

१. हवेचे सस्पेन्शन. काही गाड्यांना पाट्याऐवजी किंवा स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. वर्षांनी रबर चिरते, हवा गळते आणि भरपाई करण्यासाठी कॉम्प्रेसर सारखा चालतो. आपल्या विहिरीवरचेच पाहा. फूट व्हॉल्व्ह गळतो म्हणून पंपात पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागते, तिकडे दुर्लक्ष केले की शेवटी मोटर जळते. इथेही तसेच होते. आधी फुगा जातो, मागून कॉम्प्रेसर जातो. फुग्याचे काम एका चाकाला पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकते. खूण सोपी आहे. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर गळती आहे.

२. इंजेक्टर. ठिबकला एक-दीड किलो दाब पुरतो. या डिझेल इंजिनांत डिझेल १६०० ते २००० बार दाबाने फवारले जाते. तेव्हा पाण्याचा थेंब किंवा कचरा चालत नाही. ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये साठवलेले डिझेल या गाडीत कधीही घालू नये. २११ च्या चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर गळतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. फुस्‌फुस्‌ आवाज आल्याबरोबर काम केले तर थोडक्यात भागते. थर कडक झाला की इंजेक्टर जागीच जाम होतो, मग तो ओढून काढायला खास अवजार लागते. २१२ च्या सुरुवातीच्या २१०० सी.सी. डिझेल इंजिनांचे इंजेक्टरच निकामी होत, म्हणून कंपनीने पुढे त्यांची जात बदलली. आपण पाहत असलेल्या गाडीचे बदलले आहेत का, हे विचारून कागद मागावा. चारही घालायचे म्हटले तर काम लाखाच्या घरात जाते.

३. टायमिंग चेन. याच २१०० सी.सी. इंजिनाची टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन खडखडू लागली तर गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. गाडी थंड असताना सुरू करावी आणि पहिले दोन-चार सेकंद कान देऊन ऐकावे. त्या आवाजात हजारो रुपयांची माहिती असते.

४. सहा सिलिंडरचे डिझेल. या इंजिनात ऑईल कूलर दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवला आहे. त्याचे सील कडक होऊन ऑईल गळते. सील स्वस्त आहे, पण तिथवर पोचण्यासाठी वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. माल थोड्याचा, मजुरी मोठी असा हा प्रकार आहे.

५. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पाच गिअरच्या जुन्या बॉक्सचे ऑईल "जन्मभर बदलायचे नाही" असे सुरुवातीला सांगितले जाई. पुढे ती सूचना बदलली आणि साधारण साठ हजार किलोमीटरला ऑईल-फिल्टर बदलण्याचा सल्ला रूढ झाला. अनेक मालकांनी तो पाळलेला नसतो. याच बॉक्सच्या वायरच्या प्लगचे सील गळले की ऑईल वायरीतून वर चढत थेट कॉम्प्युटरपर्यंत जाते. सात गिअरच्या बॉक्समध्ये आतल्या पट्टीवरचे सेन्सर जातात आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. ती पट्टी आणि तिचा कॉम्प्युटर त्या त्या गाडीशी जुळवावे लागतात, भंगारातला उचलून बसवला असे चालत नाही.

६. ब्रेक. २११ च्या २००६ पूर्वीच्या गाड्यांत पायाचा दाब विजेच्या पंपामार्फत ब्रेकला जातो. २००४ साली जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या याच कारणाने तपासणीला बोलावल्या होत्या आणि २००६ पासून कंपनीने ही पद्धत या गाडीतून काढून टाकली. हा पंप किती वेळा चालला ते मोजतो आणि ठराविक संख्येनंतर बदलण्याचा इशारा देतो. नवा पंप लाखाच्या पुढे जातो. हा इशारा येत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. हा पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

पहिल्या वर्षाचा हिशेब

समजा गाडी चालू आहे, मोठा बिघाड नाही. तरी पहिल्या वर्षात साधारण असे निघते. आकडे मांडणीपुरते आहेत, गावागणिक फरक पडेल.

चार टायर : ६०,००० रु.
गिअरबॉक्सचे ऑईल, फिल्टर : ३०,००० रु.
पुढचे आर्म, बुश, बॉल जॉइंट : ५०,००० रु.
मागचे दोन हवेचे फुगे : १,००,००० रु.
बॅटरी, ब्रेक पॅड, किरकोळ : ३०,००० रु.
एकूण : २,७०,००० रु.

२०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात २,७०० पडले असे धरू. म्हणजे वरचा खर्च झाला १०० टन ऊस. एकरी ४० टनांचा उतारा धरला तर अडीच एकराचे वर्षाचे पीक. यात विमा नाही, डिझेल नाही आणि अडीच एकराचा खत-पाण्याचा खर्चही वजा केलेला नाही.

विसार देण्यापूर्वी

• गाडी सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.
• रिव्हर्स आणि पुढचा गिअर टाकताना झटका बसतो का, चढावर गिअर घसरतो का, हे पाहावे.
• या गाड्या जाणणाऱ्या मेस्त्रीला बरोबर न्यावे आणि स्कॅनर लावून घ्यावा. तपासणीची फी मोठी वाटली तरी द्यावी.
• मीटरच्या रीडिंगवर विसंबू नये. सर्व्हिसच्या पावत्यांवरील किलोमीटर जुळवून पाहावेत.
• गालिचा उचलून खाली हात घालावा. गाळ, ओल, सीटच्या पट्ट्यांना गंज दिसला तर गाडी पुरातली समजावी. २०१९ व २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिलेच आहे.
• आर.सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का पाहावे. असल्यास फॉर्म ३५ व बँकेचे पत्र घ्यावे. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३०, आणि परराज्यातील गाडी असल्यास एन.ओ.सी. म्हणजे फॉर्म २८ लागतो. कागद पुरे होईपर्यंत सगळे पैसे देऊ नयेत.

शेवटी एक हिशेबी नियम

गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा बाजूला ठेवता येत असेल तरच सौदा करावा. नऊ लाख हातात असतील तर पावणेसात लाखांची गाडी पाहावी आणि सव्वादोन लाख खात्यावर ठेवावेत. ते पैसे ठेवता येत नसतील तर गाडी महाग नाही, दुरुस्ती महाग आहे असे समजावे आणि साधी गाडी घ्यावी. तिचा भाग तालुक्याला मिळतो, मेस्त्री गावात असतो आणि उसाचे बिल शेताकडेच राहते.