आधी पाणी, मग माती

मागच्या उन्हाळ्यात आम्ही विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत पाइपलाइन केली. घाईघाईने चारी बुजवली. मोटर चालू केली, तर वर पाणीच येईना! एक सांधा गळत होता. दोन दिवस पुन्हा उकरावे लागले. अण्णा म्हणाले, "आधी पाणी सोडून बघायला पाहिजे होतं."

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, समुद्रातला नळ गळला तर कसं उकरायचं?" त्यांनी दिलेली माहिती मी येथे लिहीत आहे.

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात 'मुंबई हाय' आहे. 1974 साली 'सागर सम्राट'ने तेथे विहीर खोदली आणि तेल लागले. तेथील तेल व वायू समुद्रतळावरच्या पोलादी नळांतून रायगड जिल्ह्यातील उरणला येतात. तेथे पाणी सुमारे 75 मीटर खोल आहे. म्हणजे आमच्या पन्नास फुटी विहिरीसारख्या पाच विहिरी एकीखाली एक!

असा नळ वापरण्याआधी त्याची परीक्षा घेतात.

1. सफाई : नळात घट्ट बसणारा बोळा घालून मागून पाण्याने ढकलतात. तो हवा व घाण पुढे लोटतो. त्याला इंग्रजीत 'पिग' म्हणजे चक्क डुक्कर म्हणतात!

2. माप : बोळ्याला ॲल्युमिनियमची चकती लावतात. ती वाकून आली, तर नळ कुठेतरी चेपलेला आहे असे समजते.

3. दाब : दोन्ही तोंडे बंद करून पंपाने आणखी पाणी भरतात. रोजच्या कामापेक्षा जास्त दाब साधारण 24 तास ठेवतात. दाब टिकला तर नळ पास. घटला तर कारण शोधायचे. हवा भरत नाहीत, कारण दाबलेली हवा नळ फुटल्यास बॉम्बसारखी उसळते.

पाण्यात रंगही मिसळतात. गळती असेल तेथून रंग बाहेर येतो. पण तो पाहणार कोण? पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. आंध्र प्रदेशाजवळच्या समुद्रात तर 1000 मीटरहून खोल नळ आहेत. तेथे पाणबुडे जाऊ शकत नाहीत. म्हणून यंत्र सोडतात. त्याला दिवे, कॅमेरा व लोखंडी हात असतात. जहाजावर बसलेला माणूस लांब केबलमधून त्याला चालवतो.

समुद्रात तेल गळले तर मासे मरतील, कोळी बांधवांचे पोट जाईल. आमचे तर दोनच दिवस गेले.

आता खालच्या वावरात पाइपलाइन करायची आहे. अण्णांनी मला सांगितले आहे, "सगळे सांधे तू बघ. तू हो म्हणलास की मगच माती लोटू."