पाढे, कोष्टक आणि पीएचपीची आपोआप बनणारी चाचणी-यादी



आपल्यापैकी काहींचे ब्लॉग आणि काही शाळांच्या वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. हे वर्डप्रेस पीएचपी नावाच्या संगणक-भाषेत लिहिलेलं आहे. पीएचपीची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. ८.४ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, ८.५ नोव्हेंबर २०२५ मध्ये. नवीन येतं तसं जुनं काही निघूनही जातं. उदा. 'ईच' नावाचं जुनं फंक्शन ७.२ मध्ये "आता वापरू नका" म्हणून सांगितलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं. ते फंक्शन वापरणारं जुनं प्लगइन ८.० वर चालायला गेलं की तिथेच थांबतं. निकालाच्या दिवशी शाळेचं पान कोरं दिसलं तर पालकांना कारण कळत नाही, फक्त "वेबसाइट बंद आहे" एवढंच कळतं.

म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपला प्रोग्रॅम अनेक आवृत्त्यांवर तपासून पाहतात. कोडमध्ये बदल झाला की ही तपासणी आपोआप सुरू होते. या पद्धतीला कंटिन्युअस इंटिग्रेशन, थोडक्यात सीआय म्हणतात. कशावर-कशावर तपासायचं याचं जे कोष्टक असतं, त्याला टेस्ट मॅट्रिक्स म्हणतात. आजचा पाठ या कोष्टकाचा आहे. घाबरू नका, यात तिसरी-चौथीचा गुणाकारच आहे.

१) कोष्टक म्हणजे काय?

आपल्या पाचोडच्या बाजारातली मोसंबी घ्या. बहार दोन : आंबे बहार आणि मृग बहार. आकार तीन : मोठी, मध्यम, लहान. वर्षभराच्या वहीत किती प्रकारच्या नोंदी होतील? २ × ३ = ६. मुलं हे लगेच सांगतात.

आता हेच पीएचपीला लावू. समजा एक प्रोग्रॅम ८.१ ते ८.४ अशा ४ आवृत्त्यांवर चालायला हवा. तो ज्या इतर लायब्रऱ्या वापरतो, त्यांची चालणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती, असे २ प्रकार तपासायचे. डेटाबेस २ : मायएसक्यूएल आणि मारियाडीबी. एकूण ४ × २ × २ = १६ तपासण्या. ८.५ आली की ५ × २ × २ = २०. म्हणजे आवृत्ती एकच वाढली, पण तपासण्या चार वाढल्या.

२) यादी हाताने का लिहू नये?

एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली की काय होतं, हे आपण जाणतो. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख दुरुस्त झाली आणि हजेरीपटावर जुनीच राहिली, तर पुढे घोळ होतो. इथेही तसंच आहे. पीएचपी प्रकल्पात 'कंपोझर डॉट जेसन' नावाची फाइल असते. "मला ८.१ किंवा पुढची, पण ९ च्या आधीची पीएचपी चालेल" असं त्यात लिहिलेलं असतं. हीच माहिती चाचणीच्या फाइलमध्ये पुन्हा हाताने लिहिली आणि ८.५ आल्यावर ती वाढवायची राहून गेली, तर सगळ्या चाचण्यांपुढे हिरवी खूण दिसते, पण ८.५ वर काहीच तपासलेलं नसतं. न घेतलेल्या पेपरात कोणी नापास होत नाही!

३) आपोआप कशी बनते?

गिटहबच्या सीआयमध्ये काम दोन टप्प्यांत होतं.

• पहिला टप्पा : एक छोटा प्रोग्रॅम 'कंपोझर डॉट जेसन' वाचतो, त्यात बसणाऱ्या पीएचपी आवृत्त्या शोधतो आणि कोष्टक तयार करतो.
• दुसरा टप्पा : त्या कोष्टकातल्या प्रत्येक जोडीसाठी एक स्वतंत्र तपासणी चालते.

लॅमिनास या पीएचपी प्रकल्पाने यासाठी तयार साधनच बनवलेलं आहे. वर्डप्रेसकडे वेगळी सोय आहे. वर्डप्रेसची कोणती आवृत्ती कोणत्या पीएचपीवर चालते, याची नोंद एका फाइलमध्ये ठेवलेली असते. वर्डप्रेस नव्याने बसवून पाहण्याच्या चाचण्या ती फाइल वाचून स्वतःचं कोष्टक बनवतात. नोंद एकाच जागी असल्याने तिथे दुरुस्ती केली की पुढचं आपोआप बदलतं.

४) दोन गोष्टी जपायच्या

अ) गुणाकार फार लवकर फुगतो. गिटहबवर एका मॅट्रिक्समधून जास्तीत जास्त २५६ तपासण्या होतात. म्हणून न जुळणाऱ्या किंवा निरुपयोगी जोड्या वगळाव्या लागतात. कोणत्या वगळायच्या हे माणसानेच ठरवायचं. यंत्र फक्त जोड्या लावतं.

आ) दशांश अपूर्णांक आणि आवृत्ती क्रमांक यांत गल्लत नको. गणितात ३.१ आणि ३.१० सारखेच. पण आवृत्तीत ३.९ नंतर ३.१० येते. पायथन भाषेत ऑक्टोबर २०२१ मध्ये खरोखरच ३.१० आली. चाचणीच्या फाइलमध्ये ती अवतरण चिन्हात लिहिली नाही, तर संगणक तिला संख्या समजून ३.१ करतो. तसंच ८.० चं नुसतं ८ होतं. पुस्तकातल्या 'पाठ ३.१०' सारखं हे नाव आहे, संख्या नाही, असं मुलांना सांगा.

५) वर्गात कसं घ्याल?

फळ्यावर आडव्या ओळीत तीन फळं आणि उभ्या ओळीत दोन ऋतू लिहा. मुलांना रकाने भरू द्या. मग एक फळ वाढवा आणि विचारा, "रकाने किती वाढले?" शेवटी विचारा, "यातला कोणता रकाना खरा घडतच नाही?" उन्हाळ्यात सीताफळ मिळत नाही, हे कोणीतरी सांगेलच. जोडी लावणं आणि जोडी तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच कळतं.

पालकांनो, कोडिंग म्हणजे फक्त भरभर टाइप करणं नव्हे. सगळ्या शक्यता नीट मांडणं आणि एकही न विसरणं हे त्यातलं मोठं काम आहे. ते कागद-पेन्सिलवरही शिकता येतं.

स्वाध्याय

१. पीएचपीच्या ३ आवृत्त्या, २ डेटाबेस, लायब्रऱ्यांचे २ प्रकार : एकूण तपासण्या किती?
२. त्यात एक डेटाबेस वाढला तर तपासण्या कितीने वाढतील?
३. क्रम लावा (आवृत्ती म्हणून) : ३.२, ३.१०, ३.९

उत्तरे : १) १२ २) ६ ने ३) ३.२, ३.९, ३.१०